पोच देण्यापूर्वी : पिंपरी-चिंचवडची कारखानदारी आणि सामायिक फाइलचा इतिहास

कारखान्यात वस्तू एका ठिकाणी घडते, पण तिचे ड्रॉइंग एकाच वेळी अनेक ठिकाणी लागते. आणि एकच ड्रॉइंग अनेकांच्या हाती गेल्यावर ते सर्वांकडे एकसारखे कसे राहील, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीपासून कारखानदारीला छळत आला आहे. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याची घडणच अशी झाली की येथे तो टाळता येण्यासारखा नव्हता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधकारखाना स्थापन झाला, १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडची एमआयडीसी, अस्तित्वात आली, आणि १९६६ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यात आपले अभियांत्रिकी संशोधन केंद्र सुरू केले. टेल्को, बजाज ऑटो यांसारख्या मोठ्या वाहन कारखान्यांभोवती भोसरी, चिंचवड, आकुर्डी या भागांत सुटे भाग, डाय, जिग आणि फिक्स्चर करून देणाऱ्या लहान कारखान्यांचे दाट जाळे वाढले. १९७० साली जेथे नगरपालिका झाली, तेथे बाराच वर्षांत, १९८२ साली, महानगरपालिका आली. ड्रॉइंग मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्मणार आणि त्यावरून जॉब मात्र दोन-चार किलोमीटरवरच्या एखाद्या शेडमध्ये निघणार, अशी ही व्यवस्था होती आणि ती बऱ्याच अंशी आजही तशीच आहे.

कागदाच्या काळात हा प्रश्न शिस्तीने सोडवला जाई. ड्राफ्ट्समन मूळ ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर, आणि ते अधिक काळ टिकावे अशी गरज असेल तर ट्रेसिंग क्लॉथवर, शाईने काढी. हे मूळ सपाट खणांच्या कपाटात राही आणि त्यावरून अमोनियाच्या वाफेत उमटणाऱ्या निळसर-जांभळ्या रेषांच्या प्रती, म्हणजे अमोनिया प्रिंट, निघत. ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या चौकटीत क्रमांक, भागाचे नाव, प्रमाण आणि सह्या असत आणि त्यांच्या शेजारी रिव्हिजनचे, म्हणजे कितव्यांदा दुरुस्ती झाली ते सांगणारे, अक्षर असे. प्रिंट देताना रजिस्टरात घेणाऱ्याची सही घ्यायची, नवी रिव्हिजन निघाली की जुनी प्रिंट परत मागवायची आणि तिच्यावर रद्दचा शिक्का मारायचा, हा रिवाज होता. तो कोठे ढिला पडला की लेथजवळच्या भिंतीवर तेलाचे डाग पडलेली ‘बी’ रिव्हिजन तशीच लटकत राही, ड्रॉइंग ऑफिसात मात्र ‘सी’ निघालेली असे, आणि एका भोकाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने बदललेला असला तरी पुरा लॉट रिजेक्शनमध्ये जाई. कामगाराला प्रत हाताशी हवी, कारण प्रत्येक मापासाठी ड्रॉइंग ऑफिसात खेटे घालून काम पुढे सरकत नाही. ड्रॉइंग ऑफिसला मात्र ती प्रत मुळाशी जुळते याची खात्री हवी. जवळच्या प्रतीने वेग मिळतो आणि मुळाच्या आधाराने विश्वास मिळतो, आणि या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. युनिक्स संगणकांमधील सामायिक फाइलचा चाळीस वर्षांचा इतिहास हा याच ओढाताणीचा इतिहास आहे.

युनिक्स ही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली आकाराला येऊ लागलेली, एका वेळी अनेकांना वापरता येणारी संगणकप्रणाली. १९८२ साली विनोद खोसला, अँडी बेख्टोल्सहाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय यांनी कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिने युनिक्सवर चालणारे वर्कस्टेशन, म्हणजे एका अभियंत्याच्या टेबलावर मावणारा पण मोठी गणिते व आकृत्या पेलणारा संगणक, बाजारात आणले. यांपैकी खोसला यांचा जन्म १९५५ साली पुण्यात झाला होता, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. वर्कस्टेशनने एक जुनी अडचण नव्या रूपात उभी केली. पूर्वी सर्वजण एकाच मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडद्यांवर काम करीत, त्यामुळे फाइलही एकच असे. आता प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक आणि स्वतंत्र डिस्क आली आणि त्याबरोबर प्रतींचा पसाराही आला. त्यावर उपाय म्हणून सनमध्ये १९८४ च्या सुमारास नेटवर्क फाइल सिस्टिम, अर्थात एनएफएस, रचली गेली आणि १९८५ च्या उन्हाळ्यातील युझनिक्स या युनिक्स वापरणाऱ्यांच्या संघटनेच्या परिषदेत रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लायमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन यांनी तिच्या रचनेवरचा निबंध मांडला. दूरच्या संगणकावरील फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी दिसावी, एक यंत्र बंद पडले तरी बाकीच्यांचे काम बिघडू नये, आणि वेग स्थानिक डिस्कच्या सुमारे ८० टक्के तरी असावा, अशी उद्दिष्टे त्या निबंधात स्पष्ट नोंदलेली आहेत. सनने या पद्धतीचे नियम खुले केले आणि इतर कंपन्यांना ती वापरू दिली. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या युनिक्स यंत्रांना ती थोड्याच वर्षांत समान भाषेसारखी झाली.

तिचे कार्य समजून घेण्यासाठी दोन शब्द पुरेसे आहेत. ज्याच्या डिस्कवर मूळ फाइल असते तो सर्व्हर आणि जो ती मागतो तो क्लायंट. क्लायंट सर्व्हरवरील एखादी डिरेक्टरी आपल्या डिरेक्टरींच्या झाडात जोडून घेतो, याला माउंट करणे म्हणतात. त्यानंतर त्या डिरेक्टरीतील फाइल उघडणारा प्रोग्रॅम आपल्याच यंत्रावर आहोत अशा समजुतीने चालतो आणि प्रत्यक्षात प्रत्येक वाचन-लेखनाची विनंती नेटवर्कवरून सर्व्हरकडे जाते. या रचनेतील खरा धाडसी निर्णय असा की सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचे नाही. कोणी कोणती फाइल उघडली आहे, तो कोठपर्यंत वाचून झाला आहे, याची नोंद सर्व्हरकडे नसते; प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण असते. ‘पुढचा भाग दे’ अशी विनंती चालत नाही, कारण पुढचा म्हणजे कोठला हे सर्व्हरला ठाऊक नसते. ‘या फाइलचे ८,१९२ व्या बाइटपासूनचे ८,१९२ बाइट दे’ असे सांगावे लागते, आणि ही विनंती एकदा केली किंवा दहादा केली तरी उत्तर एकच येते. एटी अँड टी कंपनीने त्याच दशकात युनिक्ससाठी काढलेली आरएफएस ही प्रतिस्पर्धी पद्धत उघडलेल्या फाइलींची आठवण सर्व्हरवर ठेवीत असे, त्यामुळे ती युनिक्सच्या नियमांशी अधिक काटेकोरपणे जुळे. पण सर्व्हर बंद पडला की ती आठवण पुसली जाई आणि क्लायंटचे काम अर्ध्यावर तुटे. एनएफएसमध्ये पुसण्यासारखे काही नव्हतेच.

या विस्मरणाचे मोल पिंपरी-चिंचवडसारख्या पट्ट्यात जेवढे होते तेवढे कॅलिफोर्नियात क्वचितच असेल. या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, याचे कारण विजेच्या वाटपात आहे: सगळ्या औद्योगिक वसाहतींनी एकाच दिवशी भार टाकू नये म्हणून सुट्ट्यांचे वार वाटून दिले गेले आणि तो वार येथील माणसांच्या अंगवळणी पडला. ज्या ठिकाणी विजेचा तुटवडा आठवड्याचे वार ठरवीत होता, तेथे वीज मध्येच जाणे ही गृहीत धरण्याची गोष्ट होती. सर्व्हर बंद पडून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाला तर एनएफएसच्या क्लायंटला नव्याने काहीच करावे लागत नसे. तो विनंती पुन:पुन्हा पाठवीत राही, पडद्यावर सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची ओळ येई, आणि सर्व्हर जागा झाला की सर्व्हर ठीक आहे अशी दुसरी ओळ उमटून काम जेथे थांबले तेथूनच पुढे चाले. ही सोय माउंट कसा केला यावर अवलंबून असे. हार्ड माउंट म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट पाहणे, मग त्यात तास गेला तरी चालेल. सॉफ्ट माउंट म्हणजे काही प्रयत्नांनंतर हात टेकून प्रोग्रॅमला चूक कळवणे. सॉफ्ट माउंट वरवर सोयीचा वाटतो, कारण पडदा गोठत नाही, पण अनेक प्रोग्रॅम लेखनातील अपयश तपासत नाहीत आणि फाइल अर्धीच लिहिली जाते. गोठलेला पडदा त्रासदायक असतो, अर्धवट फाइल घातक असते. कारण गोठलेला पडदा दिसतो आणि अर्धवट फाइल महिनाभराने, डाय कापून झाल्यावर, उघडकीस येते.

सर्व्हरच्या विस्मरणाची किंमत लेखनात मोजावी लागत असे. क्लायंटने लिहिण्यासाठी मजकूर पाठवला आणि सर्व्हरने ‘लिहिले’ अशी पोच दिली की क्लायंट आपल्याकडची प्रत सोडून देतो. तेव्हा ती पोच मजकूर डिस्कवर खरोखर उतरल्यानंतरच दिली पाहिजे, असा एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीचा नियम होता. मार्च १९८९ मध्ये आरएफसी १०९४ या क्रमांकाच्या इंटरनेट-नियमपत्रात प्रसिद्ध झालेल्या त्या आवृत्तीत एका विनंतीत जास्तीत जास्त ८ किलोबाइट जात. हा हिशेब एका उदाहरणाने जवळून पाहता येतो. इंजिनाच्या एखाद्या जुळणीची २० मेगाबाइटची फाइल धरली, तर तिचे ८ किलोबाइटचे २,५६० तुकडे होतात. सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणाऱ्या त्या काळच्या इथरनेटवरून ते सगळे नेण्यास, वाहिनी पूर्ण मोकळी असेल तर, साधारण १७ सेकंद पुरतात. पण लिहिताना प्रत्येक तुकड्यासाठी सर्व्हरला मजकूर, त्या मजकुराचा ठावठिकाणा सांगणारा तक्ता आणि फाइलची मुख्य नोंद अशा तीन गोष्टी डिस्कवर उतरवाव्या लागत. डिस्कच्या एका फेरीला २० मिलिसेकंद धरले तर एका तुकड्याला ६० मिलिसेकंद आणि पूर्ण फाइलला अडीच मिनिटांहून अधिक वेळ होतो. वाचायला सतरा सेकंद आणि साठवायला अडीच मिनिटे, हा फरक ज्याच्या टेबलावर घडत असे त्याला नेटवर्क मंद आहे असे वाटे. प्रत्यक्षात नेटवर्क मोकळे असे आणि सर्व्हर खरी पोच देण्यासाठी डिस्कची वाट पाहत असे.

या अडचणीतून दोन वाटा निघाल्या, एक सचोटीची आणि एक पळवाटेची. सचोटीच्या वाटेवर लेगॅटो या कंपनीचे प्रेस्टोसर्व्ह हे कार्ड होते: बॅटरीच्या आधारावर टिकून राहणाऱ्या स्मरणात, म्हणजे मेमरीत, मजकूर आधी ठेवायचा, लगेच पोच द्यायची आणि डिस्कवर सवडीने उतरवायचा; मध्ये वीज गेली तरी बॅटरीमुळे मजकूर शाबूत राहतो, म्हणून दिलेली पोच खोटी ठरत नाही. १९९२ साली स्थापन झालेल्या नेटअ‍ॅप कंपनीने फक्त फाइल वाटण्याचे काम करणाऱ्या आपल्या यंत्रांत हेच तत्त्व मुळापासून बसवले. पळवाट अशी की मजकूर साध्या स्मरणात आला की डिस्कची वाट न पाहता पोच द्यायची आणि वीज जाणार नाही अशी आशा ठेवायची. या दोन्ही वाटांचे आकडे वरवर सारखेच चमकत, त्यामुळे मोजमापाचा सर्वमान्य मार्ग हवा झाला. लेगॅटो, ऑस्पेक्स, डेटा जनरल, डिजिटल, इंटरफेज आणि सन या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन एक चाचणी तयार केली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला लॅडिस हे नाव पडले आणि १९९३ साली स्पेक या संस्थेने ती एसएफएस या नावाने प्रसिद्ध केली. सेकंदाला किती विनंत्या पुऱ्या होतात याबरोबरच प्रत्येक विनंतीला उत्तर किती वेळात येते हेही तीत नोंदवावे लागत असल्याने नुसत्या मोठ्या आकड्यावर ग्राहक भुलवता येईना. स्पर्धकांनी मिळून आपल्याच मालाची तराजू तयार करावी, ही घटना संगणकाच्या धंद्यात आजही अपवादात्मक म्हणावी लागेल.

विनंती पुन:पुन्हा पाठवण्याच्या रिवाजातही एक खोच होती. सुरुवातीची एनएफएस यूडीपी नावाच्या वाहतुकीवर चाले. यूडीपी म्हणजे साधे टपाल, पोहोचले तर पोहोचले, आणि टीसीपी म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर टपाल. ८ किलोबाइटची एक विनंती इथरनेटवर सहा तुकड्यांत जाई आणि त्यांपैकी एक गळला तरी सहाही पुन्हा पाठवावे लागत, म्हणून गर्दीच्या नेटवर्कवर वेग एकदम कोसळे. वाचन पुन्हा केल्याने काही बिघडत नाही, पण फाइल काढून टाकण्याची विनंती सर्व्हरने पाळली, उत्तर वाटेत हरवले आणि क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर दुसऱ्या वेळी ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येई आणि यशस्वी झालेले काम फसले असे दिसे. डिजिटल कंपनीतील चेट जुझ्झॅक यांनी १९८९ साली सर्व्हरने नुकत्याच पुऱ्या केलेल्या विनंत्यांची एक छोटी वही ठेवावी आणि पुन्हा आलेली विनंती ओळखून तिला जुनेच उत्तर द्यावे, अशी व्यवस्था मांडली. काहीही लक्षात न ठेवणाऱ्या सर्व्हरला थोडे लक्षात ठेवायला लावण्याची सुरुवात येथून झाली.

जुन्या प्रिंटचा प्रश्नही नव्या रूपात परतला. प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जाणे परवडत नाही, म्हणून क्लायंट वाचलेला मजकूर आणि फाइलची वेळ, आकार इत्यादी माहिती काही काळ स्वतःकडे ठेवतो. ही माहिती नेहमीच्या मांडणीत तीन ते साठ सेकंद खरी मानली जाते. म्हणजे एका टेबलावर ब्रॅकेटची जाडी बदलून फाइल साठवली गेली, तरी शेजारच्या टेबलावर तीच फाइल अगोदरपासून उघडी असेल तर तेथे काही काळ जुनी जाडीच दिसू शकते. कालांतराने स्थिरावलेला करार असा की फाइल बंद करताना सगळे बदल सर्व्हरकडे पोहोचवायचे आणि फाइल उघडताना सर्व्हरला विचारून खात्री करायची. त्यामुळे एकाने बंद केल्यानंतर दुसऱ्याने उघडली तर त्याला नवेच दिसेल, पण दोघांकडे एकाच वेळी उघडी असताना काहीही हमी नाही. फाइलला कुलूप लावण्याची सोय मूळ रचनेत नव्हतीच आणि ती वेगळ्या प्रोग्रॅमांवर सोपवलेली होती, ज्यांना आठवण ठेवणे भागच होते. एनएफएसच्या तक्रारींपैकी बऱ्याच या कुलपांच्या असत, यात नवल नाही. ‘स्टेल फाइल हँडल’ या प्रसिद्ध चुकीचा अर्थ मात्र एमआयडीसीत वावरणाऱ्याला लगेच समजेल. सर्व्हर फाइलला नावाने न ओळखता क्रमांकाने ओळखतो आणि त्या क्रमांकासोबत कितवा धारक हेही नोंदवतो. भूखंड क्रमांक तोच राहिला पण जुना कारखाना उठून तेथे दुसरा आला, तर जुन्या पत्त्याचे पत्र नव्या मालकाने फोडू नये. सर्व्हरही क्रमांक जुळला तरी धारक बदलला आहे हे पाहून पत्र परत करतो. ही चूक कामात खोळंबा करते, पण दुसऱ्याच्या फाइलवर आपला मजकूर लिहिला जाण्याचा अनर्थ टाळते.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात आयबीएमच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या एएफएस या प्रणालीने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले होते, आणि तिच्या प्रमुख रचनाकारांत आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले महादेव सत्यनारायणन होते. तेथे क्लायंट पूर्ण फाइल आपल्याकडे आणतो आणि ‘ही बदलली तर मी कळवीन’ असे वचन सर्व्हर त्याला देतो. नवी रिव्हिजन निघताच जुन्या प्रिंटधारकांना निरोप धाडणाऱ्या ड्रॉइंग ऑफिसशी या पद्धतीचे नाते सर्वांत जवळचे आहे, आणि नियमांच्या दृष्टीने ती एनएफएसपेक्षा निर्दोष होती. तरीही कारखान्यांत एनएफएसच रुजली, कारण ती वर्कस्टेशनबरोबर आयतीच मिळे आणि सांभाळायला सोपी होती.

१९९० च्या दशकात मोटारींच्या रचनेसाठी वापरली जाणारी कॅड सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकावर त्रिमितीत ड्रॉइंग करण्याची साधने, मुख्यतः युनिक्स वर्कस्टेशनवर चालत, आणि हेच दशक या पट्ट्याच्या वाहनउद्योगाला नवे वळण देणारे ठरले. १९९४ साली पुण्यात नोंदणी झालेली एक कंपनी पुढे टाटा टेक्नॉलॉजीज म्हणून अभियांत्रिकी सेवांत नावारूपाला आली. १९९५ पासून मर्सिडीज-बेंझच्या गाड्या टेल्कोच्या पिंपरीतील आवारात जुळू लागल्या. आणि जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवलेली व त्याच वर्षाअखेर विक्रीला आलेली इंडिका याच पट्ट्यात घडली. ट्युरिनच्या आय.डी.ई.ए. संस्थेकडून तिचे बाह्यरूप आले आणि पुण्याच्या संशोधन केंद्राने ती गाडी प्रत्यक्षात उभी केली. मोटारीत हजारो भाग असतात आणि दरवाजाची बिजागरी बदलली की खांब, सील आणि पत्र्याची डाय असे सगळेच हलते. अशा कामात ड्रॉइंगची फाइल कोणा एकाच्या टेबलावर ठेवून चालत नाही.

फाइली फुगत चालल्या होत्या आणि दुसऱ्या आवृत्तीत व्यवहारात २ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल हाताळता येत नव्हती. जून १९९५ मध्ये आरएफसी १८१३ या क्रमांकाने आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा उठवलीच, शिवाय लेखनाच्या जुन्या कोंडीवर जो तोडगा काढला तो या सगळ्या इतिहासातील सर्वांत सुंदर म्हणावा असा आहे. सर्व्हर आता मजकूर स्मरणात घेऊन लगेच उत्तर देऊ शकतो, पण ते उत्तर ‘मिळाले’ एवढेच सांगते, ‘लिहिले’ असे म्हणत नाही. आणि सोबत तो एक खूण देतो, जी सर्व्हर प्रत्येक वेळी नव्याने सुरू झाला की बदलते. क्लायंट सगळे तुकडे पाठवतो, स्वतःकडची प्रत मात्र जपून ठेवतो आणि शेवटी ‘कमिट’, म्हणजे आता सगळे डिस्कवर उतरव, असे सांगतो. सर्व्हर मजकूर डिस्कवर उतरवून पुन्हा खूण देतो. दोन्ही खुणा जुळल्या तर क्लायंट आपली प्रत सोडतो. जुळल्या नाहीत तर मधल्या वेळात वीज गेली होती आणि स्मरणातला मजकूर पुसला गेला, हे त्याला कळते व तो सगळे पुन्हा पाठवतो. पोच दोन टप्प्यांत विभागल्याने वेग मिळाला, आणि दोन्ही टप्प्यांत सर्व्हर खरेच बोलतो.

सर्व्हर खरे बोलत असला तरी त्याची स्वतःची डिस्क सावरलेली असली पाहिजे. जुन्या युनिक्स यंत्राची वीज अचानक गेली की पुन्हा सुरू होताना पूर्ण डिस्क तपासावी लागे आणि मोठ्या डिस्कला त्यासाठी तास लागत. तेवढा वेळ सगळे क्लायंट गोठलेले. व्हेरिटास कंपनीच्या फाइल सिस्टिमने जर्नलिंगची रीत व्यवहारात रुळवली: बदल करण्यापूर्वी तो एका रोजकीर्दीत नोंदवायचा, म्हणजे अपघातानंतर फक्त शेवटच्या नोंदी पाहिल्या की पुरते. या कंपनीचे एक मोठे विकासकेंद्र पुण्यात होते, आणि डिस्क व फाइल यांच्या विश्वासार्हतेचे शास्त्र जाणणाऱ्या अभियंत्यांची एक पिढी या शहरात तयार झाली. पुण्याच्याच सी-डॅकने १९९८ साली सादर केलेला परम १०००० हा महासंगणकही सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर आणि सोलॅरिस या सनच्या युनिक्सवर उभा होता.

त्याच सुमारास लिनक्स ही युनिक्सच्या धर्तीची मोफत प्रणाली लहान कारखान्यांच्याही आवाक्यात आली आणि तिच्याबरोबर पळवाट पुन्हा उघडली. लिनक्सवरील एनएफएसच्या साधनसंचात १.०.० या आवृत्तीपर्यंत ‘असिंक’ ही मांडणी मुळातच चालू असे. म्हणजे सर्व्हर डिस्कची वाट न पाहता, कमिटलाही, हो म्हणून टाकी. त्यामुळे साध्या पीसीवरचा सर्व्हर महागड्या यंत्रांना वेगात मागे टाकतो असे दिसे आणि अनेकांनी त्याचे श्रेय यंत्राला दिले. नंतरच्या आवृत्त्यांत ‘सिंक’, म्हणजे खरी पोच, हा मूळ नियम झाला, आणि तो बदल योग्यच होता, जरी त्या दिवशी सर्व्हर एकाएकी मंद झाल्याची तक्रार ठिकठिकाणी झाली असली तरी.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. कॅडची कामे वर्कस्टेशनवरून विंडोजच्या पीसीवर सरकली आणि युनिक्सवरील फाइल विंडोजला वाटून देणारे सांबा हे सॉफ्टवेअर, जे ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली सुरू केले होते, अनेक सर्व्हरांवर एनएफएसच्या शेजारी येऊन बसले. सनने १९९८ साली एनएफएसच्या पुढील आवृत्तीचे सूत्र आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडे सोपवले. डिसेंबर २००० मध्ये निघालेली आणि २००३ साली सुधारलेली चौथी आवृत्ती सर्व्हरला आठवण ठेवू देते. उघडलेल्या फाइली आणि कुलपे आता मुदतीच्या करारावर दिली जातात, लिनक्सवर ही मुदत सहसा ९० सेकंद असते, आणि मुदत वाढवून न घेणाऱ्याचा हक्क संपतो. ‘बदल झाल्यास कळवीन’ हे एएफएसचे वचनही तीत वेगळ्या नावाने आले. इकडे कारखानदारीचा पट्टाही पसरत होता: चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली आणि फोक्सवॅगनचा २००९ साली सुरू झाला, मर्सिडीजही त्याच वर्षी पिंपरीतून चाकणला गेली. आणि २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात टाटा समूहाच्या संशोधनसंस्थेने उभारलेला ‘एका’ नावाचा लिनक्सवरील यंत्रसमूह ११७.९ टेराफ्लॉप वेगाने जगातील वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथा आला. अशा समूहातील शेकडो यंत्रांना एकच सर्व्हर पुरत नाही, म्हणून फाइलचे तुकडे अनेक सर्व्हरांवर वाटणाऱ्या समांतर पद्धती लागतात. जानेवारी २०१० च्या ४.१ आवृत्तीने ती सोय एनएफएसच्याच नियमांत आणली.

फ्रान्सच्या अणुऊर्जा संस्थेत फिलिप डेनियल यांनी घडवलेल्या आणि २००७ साली खुल्या केलेल्या एका एनएफएस सर्व्हरचे नाव गणेश आहे. जे चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीमुळे तीनशे वर्षांहून अधिक काळ गणेशभक्तांचे क्षेत्र आहे, त्या गावच्या अभियंत्याला हे नाव परके वाटणार नाही.

हार्ड माउंट हा लिनक्सवर आजही मूळ नियम आहे आणि सर्व्हरच्या बाजूला ‘सिंक’ हाही मूळ नियम आहे. जुना असिंक मात्र कोणीतरी कधीकाळी वेगासाठी लिहून ठेवलेला, सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स या फाइलीत अनेक ठिकाणी तसाच पडून असतो. भोसरीत वा चाकणला ज्यांच्या ताब्यात असा सर्व्हर आहे त्यांनी ती फाइल एकदा उघडून पाहावी, आणि तो शब्द पुढच्या गुरुवारी, कारखाना बंद असताना, काढून टाकावा.